लेंड्यांच्या डीएनएवरून जंत ओळखता येतात. मोजता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोकळ्या कुरणात चरणाऱ्या हरणांच्या लेंड्यांचे ६० नमुने तुम्ही गोळा केलेत. निम्मे फॉर्मॅलिनमध्ये घातलेत, निम्मे झिपच्या पिशव्यांत घालून बारा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेत. मायक्रोस्कोपखाली बऱ्याच नमुन्यांत अंडी दिसली, पण सगळी एकाच छापाची. प्रयोगशाळेने डीएनए चाचणी सुचवली आहे. तुम्हाला चार गोष्टी हव्या आहेत: जंत कोणते, किती, त्याच कुरणात येणाऱ्या मेंढ्यांकडून आलेत का, आणि कळपाला औषध द्यावं का.

माझं निम्मं आयुष्य अशाच लेंड्या चिवडण्यात गेलंय, म्हणून आधीच सांगून टाकते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डीएनए फार चांगलं देतं. दुसऱ्याचं ओढूनताणून देतं. तिसऱ्याचं अर्धवट. चौथ्याचं अजिबात देत नाही. पैसे भरण्याआधी हे मनाशी पक्कं असलं की पुढचा मनस्ताप वाचतो.

वाईट बातमी आधी. फॉर्मॅलिनमधले ३० नमुने डीएनएच्या कामाचे जवळजवळ नाहीतच. फॉर्मॅलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जखडून टाकतं, धाग्यांचे तुकडे पाडतं. आपल्याला हवा असतो तो डीएनएचा तुकडा सलग ३०० अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांच्या) आसपासचा. फॉर्मॅलिनमध्ये आठवडे काढल्यावर तेवढा धड तुकडा सापडणं नशिबावर. पण ते फेकू नका. अंडी मोजायला ते नमुने चांगले आहेत, कारण फॉर्मॅलिनने अंड्यांची वाढ होती तिथेच थांबली आहे. मोजणी त्यांच्यावर करा, ओळख दुसऱ्या गठ्ठ्यावर. फ्रिजमधल्या गठ्ठ्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

आता अंडी एकसारखी का दिसतात ते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात आणि आतड्यात राहणाऱ्या गोलकृमींचा एक मोठा गोतावळा आहे: हिमॉन्कस, टेलाडॉर्सेजिया, ऑस्टरटेजिया, ट्रायकोस्ट्रॉन्जिलस, कूपेरिया, इसोफॅगोस्टोमम वगैरे. या सगळ्यांची अंडी लंबगोल, पातळ कवचाची, आत पेशींचा पुंजका. लांबी साधारण ७० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकेका जातीचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की काचपट्टीवरच्या एका अंड्याकडे बघून छातीठोक नाव घेणारा माणूस मला तरी संशयास्पद वाटतो. नेमॅटोडायरसचं अंडं दुप्पट मोठं म्हणून ओळखू येतं, ट्रायच्युरिसचं दोन टोकांना बुचं लावल्यासारखं दिसतं म्हणून ओळखू येतं. बाकीच्यांना आम्ही 'स्ट्रॉन्जिल प्रकारची अंडी' अशा एका पोत्यात भरतो आणि पुढे जातो.

पण त्या पोत्यात कोण आहे याने फरक पडतो. हिमॉन्कस चौथ्या पोटात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घालवतो असा आकडा पशुवैद्यकाच्या पुस्तकांतून कायम दिला जातो. असे दोन हजार जंत असले तर हिशोब तुम्हीच करा. त्याच पोटातल्या दुसऱ्या जातीने जनावर रक्तहीन होणार नाही, पण चारा अंगी लागणार नाही, वजन हळूहळू उतरेल. अंडी दोघांची सारखीच.

ही अडचण सोडवायला पूर्वी अंड्यांतून अळ्या वाढवून, त्यांच्या शेपटीच्या लांबीवरून गट ओळखत. आजही ओळखतात. मी स्वतः कैक वर्षं तेच केलं. पण मेंढ्या-गुरांच्या अळ्यांचे तक्ते हरणांच्या जंतांना नीट लागू पडत नाहीत. रानटी प्राण्यांत अशाही जाती निघतात ज्यांच्या अळ्यांचं वर्णन कुणी केलेलंच नाही. इथे डीएनएने खरा फरक पाडला.

पद्धत अशी. जंताच्या प्रत्येक पेशीत रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकांच्या पुष्कळ प्रती असतात, आणि त्या जनुकांच्या मधे आयटीएस-२ नावाचा एक पट्टा असतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं या साऱ्या गोतावळ्यात जवळपास सारखी, त्यामुळे प्रायमरची, म्हणजे पट्ट्याच्या दोन टोकांना चिकटून तो पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, एकच जोडी सगळ्यांना चालते. मधली अक्षरं मात्र जातीगणिक बदलतात. पीसीआरने तो पट्टा वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, सिक्वेन्सिंगने त्यातल्या हजारो प्रतींची अक्षरं वाचायची, आणि प्रत्येक वाचन माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहायचं. २०१५ मध्ये कॅलगरी विद्यापीठातल्या गटाने गुरांच्या जंतांवर ही पद्धत मांडली आणि तिला 'नेमाबायोम' असं नाव दिलं. पुढे ती गव्यासारख्या बायसनपासून हरणांपर्यंत पोचली.

किती बारीक फरकावर हे चालतं याचं उदाहरण देते. मेंढ्यांतला हिमॉन्कस कॉन्टॉर्टस आणि गुरांतला हिमॉन्कस प्लेसाय यांच्या आयटीएस-२ पट्ट्यात फक्त तीन अक्षरांचा फरक आहे. तीन! यंत्राने वाचताना थोडी चूक केली किंवा विश्लेषण करणाऱ्याने '९७ टक्के जुळलं म्हणजे एकच' अशी ढोबळ चाळणी लावली, की दोन जाती एक होऊन जातात. म्हणून प्रयोगशाळेला नुसतं 'नेमाबायोम करता का' असं विचारू नका, 'एकेका अक्षराचा फरक वेगळा ठेवता का' हेही विचारा.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. ही प्रायमरची जोडी स्ट्रॉन्जिल गोतावळ्यासाठी आहे. यकृतातला चपटा कृमी (फ्लूक), फीतकृमी, ट्रायच्युरिस हे तिच्या जाळ्यात येत नाहीत. अहवालात 'फ्लूक आढळला नाही' असा अर्थ काढणारे लोक मी पाहिले आहेत. तो शोधलाच नव्हता. फ्लूकचं अंडं जड असतं, मिठाच्या द्रावणात तरंगत नाही. त्यासाठी लेंड्या पाण्यात कालवून गाळ खाली बसवायचा आणि त्या गाळात सोनेरी-पिवळी, १३० ते १५० मायक्रॉन लांबीची अंडी शोधायची. हे काम मायक्रोस्कोपचंच.

आता नमुन्याकडे येऊ. माझ्या अनुभवात डीएनएचे अहवाल बिघडतात ते प्रयोगशाळेत कमी आणि रानात जास्त. लेंडी जमिनीवर पडली की जमिनीतले स्वतंत्र जगणारे सूत्रकृमी (गोलकृमींचंच दुसरं नाव) तिच्यात शिरू लागतात. त्यांना काय, मेजवानीच. एका खेपेला आमच्या मदतनीसांनी सकाळी कळप पाहिला आणि ऊन उतरल्यावर लेंड्या उचलल्या. आम्ही त्या वेळी जरा व्यापक, सगळ्याच सूत्रकृमींना पकडणारा १८एस पट्टा वापरत होतो. अहवाल आला तेव्हा वाचनांचा मोठा वाटा मातीतल्या कृमींचा. हरणाच्या पोटाबद्दल जे कळायचं ते त्या गर्दीत बुडालं. दोष कुणाला द्यायचा? सूचना मीच दिल्या होत्या, आणि त्यात वेळ लिहिली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम: कळप बसलेला असेल तर दुर्बीण लावून लांब थांबायचं. रवंथ संपवून उठल्यावर हरणं बहुधा तिथल्या तिथे लेंड्या टाकतात. कळप सरकला की जायचं. ताजी लेंडी ओली, चकचकीत, तिच्यावर बुळबुळीत थर असतो. ढिगातल्या वरच्या, जमिनीला न टेकलेल्या लेंड्या घ्यायच्या. प्रत्येक ढिगाला नवा हातमोजा. पिशवीवर तारखेबरोबर वेळ. मोठ्या प्राण्याचा पो असेल तर वरचा थर बाजूला करून मधला भाग.

मग नमुन्याचे तिथेच तीन वाटे. एक वाटा मोजणीसाठी: पिशवीतली हवा दाबून काढून, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर. हवा नसली की अंडी फुटत नाहीत. दुसरा वाटा डीएनएसाठी: लेंड्या फोडून, त्यांच्या तिप्पट तरी इथेनॉलमध्ये. फोडून हा शब्द महत्त्वाचा. अख्खी लेंडी इथेनॉलमध्ये टाकली तर वरचं कवच कडक होतं आणि आतली अंडी निवांत वाढत राहतात. तिसरा वाटा म्हणजे दोन-तीन अख्ख्या लेंड्या, न फोडता, वेगळ्या कुपीत. कारण लेंडीच्या बाहेरच्या बुळबुळीत थरात त्या हरणाच्या स्वतःच्या आतड्याच्या पेशी असतात. एकाच कुरणात दोन-तीन प्रकारचे प्राणी चरत असतील तर लेंडी कुणाची हे डोळ्यांनी ठरवणं फसवं असतं. यजमानाच्या, म्हणजे त्या प्राण्याच्या, मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएवरून ते नक्की होतं, आणि थोडा खर्च वाढवला तर एकाच हरणाच्या लेंड्या दोनदा उचलल्या का तेही कळतं. तुमचे ६० नमुने म्हणजे ६० हरणं, असं तुम्ही प्रश्नात गृहीत धरलंय. कळपात किती हरणं आहेत ते लिहिलेलं नाही. वीसच असली तर?

प्रयोगशाळेत पोचल्यावर पहिला अडथळा असतो प्रमाणाचा. लेंडीतून थेट डीएनए काढायच्या बहुतेक किटमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम नमुना मावतो. समजा ग्रॅमला ५० अंडी आहेत. म्हणजे त्या चिमटीत दहा अंडी. ग्रॅमला पाच असतील तर एक. ते एक चिमटीत आलं तर चाचणी पॉझिटिव्ह, नाहीतर निगेटिव्ह. रानटी प्राण्यांत अंड्यांची संख्या पुष्कळदा याच पातळीवर असते. त्यामुळे थेट लेंडीतून डीएनए काढण्याच्या मी विरुद्ध आहे. पाच-दहा ग्रॅम घ्या, पाण्यात कालवा, जाड चाळणीतून चोथा काढा, मग २० मायक्रॉनच्या आसपासच्या जाळीवर अंडी अडवा, मिठाच्या द्रावणात तरंगवा, वरची गोळा करा, आणि मीठ स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन टाका. मीठ राहिलं तर पीसीआर अडतो. हा सारा खटाटोप अर्ध्या तासाचा, पण चाचणीची धार कैक पटींनी वाढते.

दुसरा अडथळा चाऱ्याचा. पाला खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत टॅनिन आणि तसलीच द्रव्यं खच्चून भरलेली असतात, वर पित्ताचे क्षार. ती पीसीआरमधल्या एन्झाइमचा गळाच दाबतात. एकदा आमच्याकडे एका गठ्ठ्याचे सगळे नमुने निगेटिव्ह आले, आणि त्यातल्या काहींत मी स्वतः मायक्रोस्कोपखाली डझनांनी अंडी पाहिली होती. अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवला तेव्हा पट्टे उमटले. म्हणून प्रत्येक नमुन्यात मुद्दाम घातलेला एक ओळखीचा डीएनए असायला हवा. तो वाढला आणि जंताचा वाढला नाही, तरच निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणायचं. हा नियंत्रण-नमुना प्रयोगशाळा घालत नसेल तर दुसरी शोधा. रिकामी नळी, म्हणजे ज्यात काहीच नाही अशी, तीही प्रत्येक फेरीत हवी, नाहीतर शेजारच्या नमुन्याचे शिंतोडे तुमच्या हरणाच्या नावावर चढतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न: किती? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण अहवालात टक्केवारीचे रंगीत खांब असतात आणि टक्केवारी दिसली की माणसाला मोजणी झाल्यासारखं वाटतं. समजा अहवाल म्हणतो हिमॉन्कस ७० टक्के. हे ७० टक्के जंत नाहीत. ७० टक्के अंडीही नाहीत. वाचलेल्या डीएनए-तुकड्यांपैकी ७० टक्के, एवढंच.

मधे काय काय घडतं बघा. ताज्या लेंडीतल्या स्ट्रॉन्जिल अंड्यात साधारण १६ ते ३२ पेशी असतात. तेच अंडं ऊबदार जागी एखादा दिवस राहिलं की आत अळी तयार होते, तिच्यात काही शे पेशी. अंडं एकच, पण डीएनए दहा-वीसपट. तुमच्या नमुन्यांपैकी जो दुपारभर गाडीत राहिला तो सकाळी थेट थंड केलेल्या नमुन्यापेक्षा 'जास्त जंतग्रस्त' दिसेल. जातीजातीत रायबोसोमच्या जनुकांच्या प्रतींची संख्या वेगळी, प्रायमर चिकटण्याची ओढ वेगळी. हे दुरुस्त करायला ज्ञात संख्येच्या अळ्या मिसळून सुधारणा-गुणक काढले जातात, पण ते गुरामेंढ्यांच्या जंतांसाठी निघाले आहेत. हरणांच्या जातींना ते तसेच लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं.

त्याच्याही आधीचा गोंधळ जंतांच्या स्वभावातला आहे. हिमॉन्कसची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ट्रायकोस्ट्रॉन्जिलसची मादी शे-दोनशे. म्हणजे अंड्यांत हिमॉन्कसचा बोलबाला असला तरी पोटात दुसऱ्याचेच जंत जास्त असू शकतात. नर अंडी घालत नाहीत. कोवळे जंत घालत नाहीत. अळी गिळल्यापासून अंडी दिसेपर्यंत तीनेक आठवडे जातात. आणि प्रतिकूल ऋतूत काही जातींच्या अळ्या पोटाच्या अस्तरात महिनोन् महिने झोपून राहतात. त्या काळात लेंडीत काही नाही, पोटात सगळं आहे.

ऋतूचं एक फार सुंदर उदाहरण नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरचं. तिथे त्यांच्या पोटात मुख्यतः दोन जंत: ऑस्टरटेजिया ग्रूनेराय आणि मार्शलेजिया. पहिल्याची अंडी उन्हाळ्यात लेंडीत येतात, दुसऱ्याची हिवाळ्यात. उन्हाळ्यातच जाऊन नमुने आणणाऱ्याला दुसरा जंत जवळपास दिसणारच नाही, चाचणी कितीही महाग असो. याच रेनडिअरवर औषध देऊन-न देऊन तुलना केली तेव्हा ऑस्टरटेजियामुळे माद्यांना पिलं कमी होतात असं दिसलं. म्हणजे जंत कळपाची संख्या हलवू शकतात हे खरं. पण ते सिद्ध झालं वर्षानुवर्षांच्या प्रयोगातून, एका अहवालातून नव्हे.

मग मोजणीला काय करायचं? जुनाच मॅकमास्टर, म्हणजे अंडी मोजायची खोबणींची काचपट्टी. ४ ग्रॅम लेंडी, ५६ मिली द्रावण, दोन खोबणी मिळून ०.३ मिली बघायचं, दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणायचं. अडचण लगेच लक्षात येईल: एकच अंडं दिसलं तर उत्तर ५०, एकही नाही तर शून्य, मधलं काही नाही. रानटी प्राण्यांसाठी हे फार भरड आहे. मिनी-फ्लोटॅक या त्याच कामाच्या नव्या साधनात एक अंडं म्हणजे पाच, म्हणून मी आता तीच वापरते. अशी एकूण संख्या आली की तिला डीएनएच्या टक्केवारीने वाटून जातवार अंदाज काढता येतो. आणि ती टक्केवारी शक्य तितकी प्रामाणिक हवी असेल तर अंड्यांऐवजी अळ्यांवर सिक्वेन्सिंग करा: अंडी उबवून सगळ्यांना पहिल्या अवस्थेत आणायचं, म्हणजे प्रत्येकीच्या पेशी साधारण सारख्या. काही शे अळ्या तरी हव्यात.

इथे तुमच्या फ्रिजचा विषय येतो. हिमॉन्कसच्या अंड्यांना थंडी सोसत नाही. चार अंशांवर बारा दिवस राहिल्यावर त्यातली बरीच मेलेली असणार. टेलाडॉर्सेजिया, नेमॅटोडायरस अशा थंडीला सरावलेल्या जाती टिकून असतील. त्यामुळे या ३० नमुन्यांतून अळ्या उबवू नका. उबवल्यात तर हिमॉन्कस कमी आणि बाकीचे जास्त असं खोटं चित्र मिळेल. अंडी वेगळी करून त्यांच्यावरच 'कोण आहे' एवढी चाचणी करा, मेलेल्या अंड्यातला डीएनएही काही काळ टिकतो. टक्केवारीच्या रकान्याकडे मात्र बघूच नका.

नमुने एकत्र करण्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. खर्च वाचवायला दहा-दहा नमुन्यांचा एक गट करतात, हरकत नाही, प्रत्येकातून तंतोतंत सारखं वजन घ्या. पण जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. थोड्या जनावरांत बहुतेक जंत, बाकीच्यांत किरकोळ, हा जवळजवळ सगळीकडे दिसणारा नमुना. गटात मिसळलं की ती विषमता पुसली जाते, आणि कित्येकदा खरी माहिती तिच्यातच असते. आणि समजा तीसच्या तीस निगेटिव्ह आले, तरी जंत नाही असं म्हणता येत नाही. ३ भागिले नमुन्यांची संख्या हा ढोबळ नियम लावला तर ३० निगेटिव्हनंतरही कळपातल्या दहा टक्क्यांपर्यंत जनावरांत तो असण्याची शक्यता उरते. तीही चाचणी अचूक आणि ३० वेगवेगळी हरणं धरून.

मेंढ्यांकडून आले का? हरणात आणि मेंढीत एकच जात सापडली तर दोघांना तो जंत होऊ शकतो एवढं कळलं. कुणी कुणाला दिला हे आयटीएस-२ सांगत नाही, कारण तो पट्टा एका जातीत जवळपास सारखाच असतो. त्यासाठी मायटोकाँड्रियाची जनुकं किंवा त्याहून बारीक खुणा वापरून दोन्हीकडच्या जंतांची वंशावळ लावावी लागते, आणि दोन्हीकडचे नमुने एकाच काळातले लागतात. मेंढ्यांचे नमुने तुम्ही घेतलेले दिसत नाहीत. एक जवळचा रस्ता आहे: बेंझिमिडॅझोल गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतांत बीटा-ट्युब्युलिन जनुकाच्या १६७, १९८ किंवा २०० क्रमांकाच्या जागी ठरावीक बदल असतात. ज्या हरणांना कधी औषध मिळालेलंच नाही त्यांच्या जंतांत हे बदल दिसले, तर ते औषध पाजलेल्या जनावरांकडून आले असण्याची शक्यता बळावते. ब्रिटनमध्ये रो नावाच्या लहान हरणांत असे प्रतिकारक हिमॉन्कस सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हरणं कुंपण ओलांडून ते एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊ शकतात, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही दिशांनी.

डीएनएवाचून खरोखर अडतं अशी जागा सांगायची तर मी फुफ्फुस आणि मेंदूच्या जंतांची सांगेन. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणात पॅरेलॅफोस्ट्रॉन्जिलस टेनुइस नावाचा जंत राहतो. त्या हरणाला त्याचं काही वाटत नाही. तोच मूस या दांडग्या हरणामध्ये गेला की मज्जासंस्था पोखरतो, जनावर गोल गोल फिरत मरतं. त्याच्या अळीच्या शेपटीवर एक काटा असतो, आणि अगदी तसाच काटा त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांच्या अळ्यांवरही असतो. हरणं एका प्रदेशातून दुसरीकडे हलवायची असतील तर ती अळी कुणाची हे कळायलाच हवं, आणि मायक्रोस्कोप तिथे हात टेकतो. तुमचा प्रश्न स्थलांतराचा असता तर मी डीएनएवर डोळे झाकून पैसे घालायला सांगितलं असतं.

राहिलं औषध. नको. म्हणजे या अहवालावरून तरी नको. रानटी चरणाऱ्या प्राण्यांत जंत असणं ही नेहमीची अवस्था आहे, आणि नाव कळलं म्हणून आजार सिद्ध होत नाही. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावरच्या रानटी सोए मेंढ्यांचा १९८५ पासून सलग अभ्यास चाललाय; तिथे चाऱ्याची टंचाई आणि टेलाडॉर्सेजिया एकत्र आले की मेंढ्या मरतात, असं दिसलं. उपासमार आधी, जंत तिच्या पाठीवर बसून. तुमच्या हरणांच्या अंगावरचं मांस, केसांची रया, पिलांची संख्या, कुरणातला चारा यांबद्दल प्रश्नात एक ओळही नाही, आणि निर्णय त्यांवरच ठरतो. खाद्यातून औषध ठेवलं तर दांडगे नर जास्त खाणार, दुबळ्यांना अपुरी मात्रा मिळणार, आणि अपुरी मात्रा म्हणजे प्रतिकारक जंतांची शाळा. आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतं ते वेगळंच. कुंपणात बंद, गर्दीतला, डोळ्यांच्या आतल्या पापण्या पांढऱ्या पडलेला कळप असता तर माझं उत्तर बदललं असतं.

तर तुमच्या जागी मी असं करेन. फॉर्मॅलिनमधल्या तीस नमुन्यांची मोजणी उरकेन, फ्लूकसाठी गाळही बघेन. फ्रिजमधल्यांतून जास्त अंडी असलेले दहा-बारा निवडून, अंडी वेगळी करून, आयटीएस-२ ची यादी मागवेन. मग पुढच्या दोन ऋतूंत नव्याने, मेंढ्यांसकट, तीन वाटे करून नमुने घेईन. यादीत एखादं नाव 'जवळचं साम्य ९४ टक्के' असं आलं तर ते नाव कागदावर उतरवणार नाही. डेटाबेसमध्ये त्या जंताची नोंदच नाही असा त्याचा अर्थ. हरणांच्या जंतांत हे नेहमी घडतं.

अशा बेनामी जंताला नाव मिळतं ते मेलेल्या हरणाच्या पोटातून. परवानगी घेऊन शवविच्छेदन करायची संधी मिळाली तर चौथं पोट लगेच दोन्ही टोकांना बांधा, मग उघडा, आतलं सगळं बादलीत धुऊन घ्या. केसासारखे जंत हलताना दिसतील. नर वेचून काढा. मधला तुकडा इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. शेपटीचं टोक मात्र वेगळ्या कुपीत जपा, कारण नराची ओळख तिथल्या पंख्यासारख्या पडद्यावर आणि दोन काट्यांच्या आकारावर ठरते. कुपीवर पेन्सिलीने लिहा. इथेनॉल सांडलं की पेनची शाई वाहून जाते, आणि कुठलं शेपूट कुठल्या धडाचं ते मग कुठलीच चाचणी सांगत नाही.